अगरबत्तीभर भाषण

भाषण चालू असताना भोंगेवाला काय करतो, असं मला पुष्कळ जण विचारतात. खरं उत्तर असं की तो झोपतो. डोळे उघडे ठेवून, एक हात बटणावर ठेवून, मधूनमधून मान हलवत झोपतो. ही विद्या मी आमच्या भागाच्या एम्मेलेसाहेबांच्या कृपेनं शिकलो. स्वातंत्र्याला थोडीच वर्षं झाली होती. आमदार हा शब्द अजून आमच्याकडं रुळला नव्हता, गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि आमची राजधानी नागपूर होती. गोंदिया शहरात विजेचे दिवे होते, पण शहर सोडून बैलगाडीनं थोडं पुढं गेलं की कंदील सुरू व्हायचे. त्या कंदिलांच्या मुलखात मी लाउडस्पीकर भाड्यानं देत असे.

सामान फार नव्हतं. लाकडी पेटीतला एक ॲम्प्लिफायर, त्याचे काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत पाहुण्यांनी चहा घ्यायचा. मोटारीची एक बॅटरी, जिच्या तेजाबानं माझ्या प्रत्येक धोतराला भोकं पडली. दोन भोंगे, एक माइक आणि हातानं चावी द्यायचा ग्रामोफोन. हे सगळं न्यायला माझी हेल्यांची बंडी होती. हेला म्हणजे रेडा. लोक बैल जुंपत आणि मला हसत. पण बैल उधळला तर व्हॉल्व्ह फुटतात. हेला उधळत नाही, तो मुळात कुणाचं ऐकतच नाही. त्याच्या मनात असेल तेव्हा तो पोचतो, पण सामान धड पोचतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या धंद्यात आवाज मोठा करायचा असतो. खरं कसब भोंग्याचं तोंड कुठं करायचं यात आहे. ते माइकसमोर आलं की चीं करून अशी शिट्टी वाजते की नवरदेव घोड्यावरून उतरतो. आणि तोंड कुठंही केलं तरी कुणीतरी नाराज असतंच. गोरेगावच्या एका दुकानदारानं मुलाच्या बारशाला भोंगा नेला आणि म्हणाला, "दोन्ही भोंगे त्या समोरच्या घराकडं करजो." समोर त्याचा सख्खा भाऊ राहत होता, दोघांचं बोलणं बंद होतं. दिवसभर मी त्या भावाच्या ओसरीत गाणी ओतली. संध्याकाळी तो भाऊ आला. मला वाटलं, आता मार बसतो. तो म्हणाला, "ते तिसरं गाणं पुन्हा लाव गा. भावाले सांगू नोको."

असे गिऱ्हाईक होते म्हणून धंद्यात मजा होती. पण धंदा चालायचा तो बाबूजींच्या शब्दावर.

सदारामबाबूजी हेच आमचे एम्मेले. आधी मालगुजार, म्हणजे गावांचा सारा गोळा करणारे जमीनदार. इंग्रज असतानाच असेंब्लीत गेले, मधे जेलात गेले, सुटून पुन्हा असेंब्लीत गेले. पुढं मालगुजारी गेली, पण बाबूजी जागचे हलले नाहीत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. कुणाचा पैसा त्यांनी खाल्ला नाही. त्यांनी जागा खाल्ली. पहिली खुर्ची त्यांची, पहिला हार त्यांचा, पंगतीतलं पहिलं पान त्यांचं आणि पहिलं भाषण त्यांचं. पहिल्या भाषणानंतर दुसऱ्याला वेळच उरत नसे, म्हणून शेवटचंही त्यांचंच. एका लग्नात ते आशीर्वाद द्यायला उठले आणि मुहूर्त टळायची वेळ आली. भटजी हुशार होते. बाबूजी श्वास घ्यायला थांबले की ते एक मंगलाष्टक म्हणून घेत. चार-पाच श्वासांत लग्न लागलं. बाबूजींना ते शेवटपर्यंत कळलं नाही. खाली बसताना त्यांनी विचारलं, "आता लगन लावा, उशीर काऊन करून राहिले?"

माझा भोंग्याचा परवाना त्यांच्याच शब्दावर मिळाला होता आणि दर वर्षी त्यांच्याच शब्दावर वाढवून मिळायचा. त्यांचा शब्द फिरला असता तर माझा ॲम्प्लिफायर म्हणजे कोंबड्या झाकायची पेटी झाली असती. घरात बायको, आई, तीन लेकरं. त्यामुळे मी बाबूजींसमोर कायम मान हलवायचो, जागा असलो तरी आणि झोपलो असलो तरी.

बाबूजींचं भाषण एकच होतं. ते कुठंही चालायचं. सुरुवात माळव्यापासून. त्यांचे पूर्वज माळव्यातून निघाले, बैलगाड्या जोडल्या, नर्मदा ओलांडली, सातपुडा चढले, उतरले, वैनगंगेच्या काठी आले, धानाची बांधी घातली, म्हणजे खाचरं केली. मग गांधीजी, मग जेल, मग जेलातली डाळ, मग नागपूरची असेंब्ली. पूर्वज नर्मदेला पोचले की बाया भाजीला उठायच्या. वैनगंगेला पोचेपर्यंत जेवणं व्हायची. शेवटी बाबूजी तीनदा जय हिंद म्हणायचे. त्याची एक पद्धत होती. पहिला साधा. दुसरा लांबवलेला. तिसरा एवढ्या जोरात की सोबत टेबलावर मूठ आदळायची, ती मूठ माइकमधून भोंग्यात जायची आणि तोफ सुटल्यासारखा आवाज व्हायचा.

आता शंकरपटाचं सांगतो. धान निघालं की आमच्याकडं गावोगाव पट भरतो, म्हणजे बैलांच्या शर्यती. हलके छकडे, त्याला जोडी जुंपलेली, वर धुरकरी, म्हणजे हाकणारा. दोन जोड्या एका वेळी सोडतात. धावायच्या वाटेला दान म्हणतात. दानीच्या एका टोकाला झेंडीवाला उभा राहतो, त्यानं झेंडी पाडली की धुरकरी बैलांच्या शेपट्या पिळतात, ओरडतात आणि धूळ उठते.

आता प्रत्येक पटाचं उद्घाटन बाबूजी करणार हे ठरलेलंच. मंडप एका टोकाला, झेंडीवाला पार दुसऱ्या टोकाला. भाषण संपलं हे त्याला कसं कळावं? भोंग्यातून तिसरा जय हिंद ऐकला, टेबलावरची मूठ ऐकली, की तो झेंडी पाडायचा. पुढच्या प्रत्येक दानीलाही बाबूजी बसल्या जागेवरून तेच तीन जय हिंद, मुठीसकट, म्हणायचे. पौष-माघात आठवड्याला दोन-दोन पट, तेच बैल, तेच बाबूजी, तोच माझा भोंगा. हे वर्षानुवर्षं चाललं. त्यातून काय होऊन बसलं ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, मी झोपलेला असायचो.

बाबूजींची स्वतःची एक पांढरी जोडी होती. ती पटात पहिली धावायची आणि एकटीच धावायची. त्याला मानाची दान म्हणत. सोबत दुसरी जोडी नाही, त्यामुळे ती पहिलीच यायची, आणि पहिली आली म्हणून पहिल्या नंबरचा फेटा बाबूजींच्या धुरकऱ्याला मिळायचा. बाबूजींना यात काही वावगं वाटत नसे. ते स्वतःच्या हातानं फेटा बांधायचे आणि "मेहनतीचं फळ" यावर थोडं बोलायचे.

दवनीवाड्याच्या पटात एका वर्षी फारच झालं. भाषण इतकं लांबलं की जोड्या सोडायला सुरुवात झाली तेव्हा सूर्य झाडामागं गेला होता. मानाची दान तेवढी झाली आणि बाकीच्या जोड्या न धावता घरी गेल्या. त्यात दुलीचंद नावाचा एक शेतकरी होता. दुसऱ्याची जमीन कसणारा, बोलायला कमी, बैलांवर जीव. तो पार बालाघाटच्या पलीकडून चालत आला होता तो उपाशी परत गेला. सोबत आलेल्या त्याच्या बायकोनं जाता जाता सरपंचाच्या दारात येऊन विचारलं, "पट बैलाचा हाये का तोंडाचा?"

सरपंच होता झनकलाल. तरणा, तापट, आणि त्याला सभा भरवून ठराव करायची भारी हौस. पुढच्या हंगामाच्या आधी त्यानं पंचांची बैठक बोलावली आणि मलाही बोलावलं. तिथं ठराव झाला की जो एम्मेले बऱ्याच वर्षांपासून एम्मेले आहे, त्याला पटात एकच हार. सगळ्यांसारखी लाकडी खुर्ची, गादी नाही. त्याचे भाचे-पुतणे मंडपात चढणार नाहीत. मानाची दान बंद, त्याची जोडी इतरांसारखी चिठ्ठीत. कुणाची पाळी कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून सगळ्या जोड्या आधीपासून जुंपून तयार ठेवायच्या. आणि भाषण एका अगरबत्तीपुरतं.

घड्याळ का नाही, असं मी विचारलं. झनकलाल म्हणाला, "घडी बाबूजीकडंच हाये. ते म्हणतील तेवढे वाजतात. अगरबत्ती कोनाच्या बापाची नाही."

"अन् अगरबत्ती सरल्यावर बाबूजी थांबले नाहीत तं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा मला कळलं की मला चहा का पाजला होता.

"तू बटन बंद करजो," झनकलाल म्हणाला. "तुले जमत नसन तं सांग, तिरोड्याचा भोंगा आणतो."

मी म्हणालो, "झनकलालभाऊ, माझा परवाना..."

"आमाले माहीत हाये. म्हणून तं तुले विचारून राहिलो. तिरोड्यावाल्याले बाबूजीचा धाक नाही, तो बटन कवाबी बंद करन. पन तुझ्या हातानं बंद झालं तं बाबूजीले समजन का गाव खरंच बोलून राहिलं."

हे ऐकून मला अभिमान वाटायला पाहिजे होता. मला घाम आला. दवनीवाडा गमावला तर एक पट जाणार होता आणि बाबूजी गमावले तर सगळा धंदा. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बटन बंद करून मंग सांगा, बॅटरी उतरली." मी तिला जन्मभर शहाणी म्हणत आलो ते उगीच नाही.

पटाचा दिवस उजाडला. मी आंब्याच्या झाडाला भोंगे बांधले. दानीजवळ सगळ्या जोड्या जुंपून उभ्या, धुरकरी बिड्या ओढताहेत, अशी गर्दी मी आधी पाहिली नव्हती. बाबूजी त्यांच्या रेंगीतून आले. रेंगी म्हणजे गादी घातलेली छोटी बैलगाडी. झनकलालनं त्यांच्या गाडीवानाला सांगून टाकलं, "बैल सोडू नोको, यंदा भाषण आखूड हाये." गाडीवान आनंदानं जुंपलेलीच गाडी घेऊन उभा राहिला.

ठराव मीच माइकवर वाचायचा होता. वाचताना माझा आवाज असा थरथरला की भोंगा खराब आहे असं लोकांना वाटलं. बऱ्याच वर्षांपासून एम्मेले असलेल्यानं हे करू नये आणि ते करू नये, असं सगळं वाचून मी मान खाली घातली. बाबूजींनी टाळ्या वाजवल्या.

"बहुत बढिया!" ते म्हणाले. "असे नेम पायजेतच. लोकं एकदा खुर्चीवर बसले का उठतच नाहीत. पन आपल्या भागात असा कोन हाये गा?"

झनकलालनं डोक्याला हात लावला.

मग हार. एकच. बाबूजींनी दुसऱ्यासाठी मान वाकवून ठेवली आणि बराच वेळ ठेवली. शेवटी एका म्हातारबांना दया आली, त्यांनी पहिलाच हार काढला आणि पुन्हा घातला. खुर्चीवर गादी नव्हती, तेव्हा बाबूजींनी शाल घडी करून खाली घेतली. ठरावात शालीबद्दल काही नव्हतं.

झनकलालनं टेबलावर केळ ठेवलं, त्यात अगरबत्ती खोचली आणि पेटवली. बाबूजींनी तिला हात जोडले, डोळे मिटले आणि सुरुवात केली, "भाईयों और बहनों, आमचे पूर्वज माळव्यातून निघाले..."

त्या दिवशी मी झोपलो नाही. बाबूजींचं भाषण पहिल्यांदाच पूर्ण जागेपणी ऐकत होतो आणि सांगतो, चांगलं होतं. त्यातल्या एका पूर्वजाच्या गाडीचं चाक मोडतं तो भाग तर फारच चांगला होता, मला तो ठाऊकच नव्हता. पण एक डोळा अगरबत्तीवर होता. राख वाकली, पडली. काडी उरत आली. पूर्वज अजून नर्मदेच्या पलीकडंच होते.

अगरबत्तीचा शेवटचा निखारा राहिला आणि झनकलालनं मला बोट दाखवलं. तेवढ्यात बाबूजींनी बोलता बोलता टेबलावरच्या पुड्यातली दुसरी अगरबत्ती उचलली, पहिलीवर पेटवली, भक्तिभावानं केळात खोचली आणि पूर्वजांना नदीत उतरवलं. देवासमोरची अगरबत्ती विझू द्यायची नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. झनकलालनं झडप घालून ती चिमटीत विझवली आणि बोटं तोंडात घातली. बाबूजींना वाटलं वाऱ्यानं विझली. त्यांनी तिसरी पेटवली. झनकलालनं पुडाच उचलून धोतरात खोवला आणि भाजलेल्या बोटांनी मला खूण केली.

मी बटण बंद केलं. खट असा आवाज झाला, मला वाटलं तो गोंदियापर्यंत गेला.

भोंगे मुके झाले. बाबूजी मुके झाले नाहीत. त्यांचा गळा भोंगे यायच्या आधीचा होता. ते त्याच जोरात बोलत राहिले, पुढच्या रांगांना सगळं ऐकू जात होतं आणि भोंगा बंद झाला हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी बॅटरीचं कारण पाठ करून बसलो होतो, ते विचारायलाच कुणी येईना.

"बोलू दे," झनकलाल म्हणाला. "आपन पट सुरू करू."

चिठ्ठी काढली. पहिली दान बाबूजींची पांढरी जोडी आणि दुलीचंदची जोडी. लोकांनी एवढा गलका केला की बाबूजींनी मधेच थांबून हात जोडले. दोन्ही छकडे दानीवर आले. झनकलालनं लांबूनच पंचा हलवला आणि झेंडीवाल्यानं झेंडी पाडली.

दुलीचंदचे बैल सुटले. पांढरी जोडी उभी.

धुरकऱ्यानं शेपट्या पिळल्या, बोंब मारली, खाली उतरून ढकललं. बैल रवंथ करत मंडपाकडं कान लावून उभे होते. तोवर दुलीचंद दुसऱ्या टोकाला पोचला होता आणि एकटाच आलो असं बघून घाबरून मागं वळला होता. दुसरी दान सोडली. दोन्ही जोड्या उभ्या. तिसरी सोडली. त्याही उभ्या. झेंडीवाला झेंडी उचलून पाडतोय, पुन्हा उचलून पाडतोय, आणि दानीवर बैल शांतपणे मान हलवताहेत, मी भाषणात हलवायचो तशी.

एका म्हाताऱ्या धुरकऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो मंडपाकडं धावत आला. "झनकलाल! बैलं जय हिंदची वाट पाहून राहिले ना!"

सगळ्यांनी बैलांकडं पाहिलं. मग सगळ्यांना एकदम पटलं. इतकी वर्षं बैल झेंडी बघत होते असं आम्ही धरून चाललो होतो. बैल बाबूजींचं भाषण ऐकत होते आणि शेवटाची वाट पाहत होते. दुलीचंदची जोडी नवी होती, त्याच हंगामात बालाघाटच्या बाजारातून घेतलेली, तिनं बाबूजी कधी ऐकलेच नव्हते. ठरावात आम्ही हार आवरला, खुर्ची आवरली, भाचे आवरले. बैलांचा कुणी विचार केला नव्हता.

झनकलाल दानीवर धावला आणि बैलांच्या कानात स्वतः तीनदा जय हिंद ओरडला. एका बैलानं त्याचं मुंडासं चाटलं. दोन पंच ओरडून आले, शाळेचे गुरुजी ओरडून आले. काही नाही. शेवटी झनकलाल मान खाली घालून मंडपात आला. बाबूजी तेव्हा सातपुडा उतरत होते.

"बाबूजी," तो म्हणाला, "तेवढा जय हिंद म्हना ना."

"आताच? अजून वैनगंगा नाही आली."

"बैलं धावून नाही राहिले."

बाबूजींनी पहिल्यांदा दानीकडं पाहिलं. आपली पांढरी जोडी उभी, दुलीचंदला लोकांनी खांद्यावर घेतलेलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "माझी जोडी काऊन उभी हाये? मी बोलूनच राहिलो अन् पट कोनं सुरू केलन?" मग माइकवर बोट आपटून त्यांनी पाहिलं आणि माझ्याकडं वळले. "अन् हा कायले बंद हाये?"

बॅटरी उतरली, हे दोन शब्द माझ्या ओठावर होते. पण झनकलाल समोर उभा होता, त्याची बोटं भाजलेली, आणि बाबूजींकडं बघून मला खोटं सुचलंच नाही. मी म्हणालो, "म्याच बंद केलो बाबूजी. अगरबत्ती सरली."

बाबूजी माझ्याकडं बघत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर कोंबड्यांची पेटी आली.

"चालू कर गा!" झनकलालच ओरडला. "ठराव मंग पाहू, आधी पट होऊ दे!"

मी बटण चालू केलं. बाबूजी माइकसमोर ताठ झाले. गेलेला मान परत आला म्हटल्यावर माणूस कसा उभा राहतो, ते तेव्हा बघावं. म्हणाले, "जय हिंद!"

दानीवर सगळ्या बैलांचे कान उभे झाले. सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे. एरवी पाळी आलेलीच जोडी जुंपत, पण चिठ्ठीमुळं आज प्रत्येक जोडी जुंपलेली होती, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं. झनकलालच्याही आलं.

"जऽऽऽय हिंद!"

बैलांनी पाय रोवले. धुरकरी छकड्यांवर उड्या मारायला लागले, काही खाली उड्या मारायला लागले. "बाबूजी, नोको!" झनकलाल किंचाळला. "तिसरा नोको!" पण त्यांचा तिसरा जय हिंद आजवर कुणी अडवला नव्हता. मूठ टेबलावर आदळली, केळ उडालं.

पुढचं नीट सांगता येत नाही, कारण धूळ फार होती. झाडाखालच्या, दानीवरच्या, बांधाआडच्या जोड्या एकदम सुटल्या. कुणी दानीवरून गेलं, कुणी चिवड्याच्या दुकानातून. मंडपाचा एक खांब एका छकड्यात अडकून गेला आणि मागं कापड गेलं. माझ्या भोंग्याची तार एका जोडीच्या जुवाला अडकली आणि एक भोंगा खणखणत शेजारच्या गावाकडं निघून गेला. बाबूजींची रेंगी गादीसकट आणि गाडीवानाशिवाय घरी गेली. कुणाला लागलं नाही हे नशीब. एक गुरुजी झाडावर चढले होते, ते स्वतःच उतरले.

धूळ बसली तेव्हा मैदानात दोनच बैल उभे होते. दुलीचंदचे. त्यांना जय हिंदचं काही सोयरसुतक नव्हतं, ते मंडपाच्या पताका खात होते. पहिला कोण, हा वादच राहिला नाही. बाकीच्या जोड्या एव्हाना आपापल्या गावात पहिल्या आल्या असतील.

फेटा बाबूजींनी बांधायचा, ही रीत ठरावात काढली नव्हती. दुलीचंद समोर येऊन उभा राहिला, पण दोन पावलं लांबच, कारण ज्या जमिनीत तो राबायचा तिच्या धन्याचं बाबूजींकडं उठणं-बसणं होतं. बाबूजींनी फेटा बांधला. चांगला बांधला, दोनदा सोडून नीट केला. मग सवयीनं तोंड उघडलं आणि अख्खं मैदान एकदम म्हणालं, "शूऽऽ!" बाबूजींनी दुलीचंदच्या बैलांकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. एक शब्द न बोलता बाबूजी मंडपातून उतरले, हे दवनीवाड्यात त्याआधी कधी घडलं नव्हतं.

जाणार कसे? सगळ्या पंचक्रोशीत उधळली नव्हती ती एकच गाडी, माझी. हेले जागचे हललेही नव्हते. बाबूजी उरलेल्या भोंग्याशेजारी, बॅटरीला टेकून बसले. धोतराला भोक पडेल हे सांगायचा मला धीर झाला नाही.

मी परवान्याचा विचार करत हेले हाकत होतो. मग त्यांनी विचारलं, "भोंगेवाल्या, खरं सांग. एवढे साल मी बोलून राहिलो. लोकं ऐकत होते का गा?"

मला हो म्हणता आलं असतं. तीन लेकरांसाठी म्हणायलाच पाहिजे होतं. मी म्हणालो, "बाबूजी, बैलं ऐकत होते."

ते बॅटरीवरून माझ्याकडं वळले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आधी वाटलं रडताहेत. ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाठ थोपटली. एम्मेलेची पाठ मी त्याआधी कधी थोपटली नव्हती. उतरताना म्हणाले, "आठ दिवसानं कुडव्याले सभा हाये. भोंगा आणजो."

"एकच उरला बाबूजी."

"एक पुरे. अन् बटन तुझ्याजवळच राहू दे."

बाबूजी त्यानंतरही निवडून आले. झनकलालचा ठराव पुढच्या वर्षी कुणी वाचलासुद्धा नाही. बैलांना पुन्हा झेंडी शिकवायला मात्र दोन हंगाम गेले. ते सगळं मी विसरलो असतो, कुडव्याची सभा विसरत नाही.

कुडव्यात बाबूजी उठले आणि माळव्यातून निघाले. पूर्वज नर्मदेला पोचले न पोचले तोच ते थांबले. माझ्याकडं पाहिलं. मी बटणाला हातही लावला नव्हता. ते लोकांना म्हणाले, "तुमाले काही सांगाचं हाये का?"

असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. लोक एकमेकांकडं बघू लागले. मग मागून एक म्हातारी उठली, पदर खोचला, सरळ पुढं आली आणि माइक दोन्ही हातांनी धरला, लोटा धरावा तसा. तिनं विहिरीपासून सुरुवात केली. विहिरीवरून ती सुनेवर आली, सुनेवरून पटवाऱ्यावर, पटवाऱ्यावरून पडलेल्या भिंतीवर आणि तिथून पुन्हा विहिरीवर. बाबूजींनी आधी मान हलवली. मग जांभई दिली. मग ती दुसऱ्यांदा सुनेवर आली तेव्हा त्यांनी टेबलाआडून मला हळूच खूण केली, बटण बंद कर.

मी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि म्हातारी काय म्हणते ते ऐकत उभा राहिलो.